पेंडीच्या गोदामाचे चीफ ऑफिसर

रविवार, १५ डिसेंबर २०२४, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. माझे चुलते मल्हारीनाना आमच्या गोदामाच्या शटरवर शंकरपाळ्याच्या आकाराचे एक चित्र रंगवत होते. वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा तांबडा, आणि वरच्या पांढऱ्यात एक काळी ज्योत. समुद्री वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ही खूण ‘आपोआप पेटू शकणारा माल’ असे सांगते. सिरसाळ्यात ती काय सांगते, हे थोड्याच वेळात कळले. शेजारच्या गोदाक्का पाण्याला निघाल्या होत्या. त्या थांबल्या, डोक्यावर पदर घेतला आणि ज्योतीला हळदकुंकू लावून पुढे गेल्या. दुपारपर्यंत तिथे दोन उदबत्त्या धुमसत होत्या.

“पेटणाऱ्या मालापुढं उदबत्ती!” नानांनी कपाळ बडवले. “गोदाक्का, ह्यो देव न्हाई, डेंजर हाय!”

“देव बी डेंजरच असतोय की, नाना,” गोदाक्का शांतपणे म्हणाल्या.

आमचे घराणे मेंढपाळांचे. आजोबांपर्यंत सगळ्यांनी मेंढरे राखली, माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, पशुखाद्याचे दुकान टाकले, आणि नाना एकटे समुद्रावर गेले. मालवाहू जहाजांवर चढत चढत ते चीफ ऑफिसर झाले. जहाजातल्या मालाची आणि तो पेटला तर आगीची जबाबदारी याच अधिकाऱ्यावर असते. निवृत्तीनंतर ते परत आले आणि गोदामाला लागून असलेल्या खोलीत राहू लागले. लग्न त्यांनी केले नाही. कारण विचारल्यावर ते सांगत, “मी घरात आलो की बायको म्हणली असती, कधी जाताव? आन् जाताना म्हणली असती, कधी येताव? दोन्हीचं उत्तर कंपनीकडं.”

नानांच्या दृष्टीने जगातल्या सर्व वस्तूंचे दोनच प्रकार होते: शेजारी ठेवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या. आमच्या न्हाणीघरातली ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुण्याचे ॲसिड त्यांनी घराच्या दोन टोकांना नेऊन ठेवले. हे शास्त्रशुद्ध होते, कारण ते दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन निघतो. मात्र त्याच न्यायाने त्यांनी लोणच्याची बरणी दुधापासून एक खोली दूर नेली, याला रसायनशास्त्रात आधार सापडत नाही. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या दोन भांडकुदळ मामांना मांडवाच्या दोन बाजूंना बसवले आणि मध्ये आचाऱ्यांची चूल ठेवली. “ही दोन खानदानं एका होल्डात जमायची न्हाईत,” ते म्हणाले. होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातली माल ठेवण्याची जागा.

त्यांचे दुसरे ब्रीदवाक्य होते, “आधी वारा तोडा.” जहाजाच्या होल्डात आग लागली की झाकण उघडून पाणी मारायचे नाही. झडपा बंद करायच्या, हवा तोडायची आणि आगीला उपाशी मारायचे. “हवा म्हंजी आगीचं माहेर. तिकडची वाट बंद केली की ती सरळ व्हती.” हेच औषध ते नणंदा-भावजयांच्या भांडणालाही सुचवत. आई आणि आत्या यांचा आवाज चढला की नाना मधले दार लावून घेत. अशा वेळी दोघी एकत्र येऊन नानांवर तुटून पडत. आग विझण्याचा हा तिसरा मार्ग त्यांच्या पुस्तकात नव्हता.

त्यांचे निदान नेहमी बरोबर येत नसे, हे नमूद करणे आवश्यक आहे. एकदा गल्लीत लग्नघराच्या रंगकामासाठी कुणीतरी पिंपात चुनकळी भिजवली. वाफ निघालेली पाहताच नानांनी सारी गल्ली रिकामी केली, आणि अंगभर हळद लागलेला नवरदेव थेट बसस्थानकापर्यंत पळाला. तेव्हापासून नाना “आग” म्हणाले की लोक आधी चहा घेत.

माझी अडचण वेगळी होती. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. संशोधनवृत्तीच्या मुलाखतीची तयारी करण्यासाठी मी घरी आले होते, आणि सरकी पेंडीविषयी नाना खरे बोलत होते. पेंडीत थोडे तेल उरते. हवेमुळे त्याचे संथ ज्वलन चालू राहते, ओलावा असला तर ते वाढते, आणि थप्पी घट्ट असेल तर उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. ज्या मालावर सिरसाळ्याच्या म्हशी दूध देतात, तो जहाजावर धोकादायक गणला जातो, यात अतिशयोक्ती नाही.

ही खूण रंगवण्याच्या आदल्या संध्याकाळीच आप्पांनी गिरणीतून पोती आणून पत्र्याला टेकतील अशी लावली होती. पोती अजून कोमट होती.

“आप्पा, मधी वाट ठेव. मालाला दम घेऊ दे.”

“नाना, जागा कुठं हाय? तुमच्या मालाला दम, आन् माझा दम निघायला!”

नानांनी एवढीच सवलत मिळवली की थप्पीच्या मधोमध एक लोखंडी नळी आडवी घातली आणि तिचे तोंड पत्र्याच्या भोकातून बाहेर काढले. माझ्याकडे प्रयोगशाळेतला लांब सळईचा डिजिटल थर्मामीटर होता. मी तो रोज नळीत घालू लागले. आकडा चढत होता. गुरुवारी सकाळी तो ८१ अंश होता, आणि नळीतून करपलेल्या तेलाचा वास येत होता.

या वेळी मात्र चहा राहिला. आप्पा कुलपाकडे धावले, मागून चार हमाल. “वढा पोती भायेर!”

नाना शटरला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले. “आधी वारा तोडा!”

“नाना, कावून अडवायलाव? माझा सगळा माल जळायलाय!”

“दार उघडशील तर आत्ताच जळंल. आन् आत गेलेला माणूस बी.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, “आप्पा, आत फक्त धुमसतंय. वारा मिळाला तर भडकेल. आधी बंबाला फोन करू.”

फोन झाला. बंब परळीहून येईपर्यंत हवेच्या फटी कशाने बुजवायच्या, हा प्रश्न होता. जहाजावर त्यासाठी पोलादी झाकणे असतात; आमच्याकडे गोदाक्का होत्या. त्यांनी गल्लीतल्या बाया बोलावल्या, शेणमातीचा काला केला आणि पत्र्याची प्रत्येक फट सारवून टाकली. शटरच्या खालची फट त्यांनी इतकी सुबक लिंपली, की नाना भारावून म्हणाले, “अशी हॅच, असं होल्डाचं झाकण मी जल्मात पाहिलं न्हाई.”

“मग काय,” गोदाक्का म्हणाल्या, “भुईला तडा जाऊ न देणाऱ्या बाया हावोत आमी.”

बंबाच्या लोकांनीही शटर बंद ठेवण्यास संमती दिली आणि गरज पडेल तेव्हा बोलावण्यास सांगितले. त्यानंतर आम्ही बरेच दिवस वाट पाहिली. धूर थांबला. मी नळीत सळई घालत राहिले आणि आकडा उतरत राहिला. तो ३४ वर स्थिरावला, तेव्हा बंब पुन्हा आला, पाण्याचा पाइप रोखून धरला गेला आणि आप्पा म्हणाले, “चला, उघडा. मी बघून येतो.”

नाना पुन्हा शटरपुढे उभे राहिले. नानांचा चेहरा मी प्रथमच असा पाहिला. त्यावर आवेशाचा लवलेश नव्हता.

“आकडा उतरलाय, नाना,” मी म्हणाले.

“तवा बी उतरलाच व्हता.” ते खाली बघून बोलले. “जोसेफ. आमचा बोसन, खलाशांचा मुकादम. आग इझली व्हती. मीच म्हणलं, जा, बघून ये. आग न्हवती आत. हवाच न्हवती.”

हवा किती उरली आहे हे थर्मामीटर सांगत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होते. मी पुढची आणि मागची दोन्ही शटरे उघडून आधी वारा खेळू देण्यास सांगितले. बंबाचा माणूसही तेच म्हणाला. बराच वेळ आम्ही बाहेर उभे राहिलो. नंतर नाना खोलीत गेले आणि मेंढरांच्या लोकरीचा जुना दोर घेऊन आले. तो त्यांनी आप्पांच्या कमरेला बांधला आणि दुसरे टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळले.

“नाना, मी काय बोकड हाय?”

“बोलत राहा आतून. गप बसलास की वढतो.”

मग आप्पा आत गेले आणि अखंड बोलत राहिले: हे पोतं गेलं, ते बी गेलं, हे चांगलं हाय, नाना वढू नका, वढू नका म्हणतो ना! मधला गाभा कोळसा झाला होता. कडेचा बहुतेक माल वाचला होता.

बाहेर आल्यावर चहा आला. नानांनी दोर सोडला नाही. आप्पांनी गाठीला हात घातला, तर नानांनी तो बाजूला केला आणि मला म्हणाले, “तुजी ती सळई आण. ह्याच्या काखंत लाव.”

“ती पेंडीतली हाय!” आप्पा ओरडले. हमाल हसले.

“पुसून लाव.”

मी पुसून लावली. नाना आप्पांचा हात हातात घेऊन बसले होते. “जोसेफला वर आणला तवा हात गरमच व्हता,” ते हळूच म्हणाले. “मी म्हणलं, जिता हाय. धरून बसलो. हाताला कळत न्हाई, पोरी. आकडा सांग.”

मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, चहाचा घोट घेतला, आणि कप खाली ठेवून म्हणाले, “आजून एकदा घे.”

या वेळी आप्पांनी स्वतःच हात वर केला.

३६.७.