आतून उघडणारे फाटक

भिंगारच्या आमच्या ख्रिस्ती दफनभूमीचे लोखंडी फाटक आतून, करंगळीने ढकलून उघडले पाहिजे, असा शिमोन पाटोळे यांचा आग्रह होता. दर शनिवारी सकाळी ते शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन येत, बिजागऱ्यांत तेल सोडत, आत जाऊन फाटक लावून घेत, कबरींकडे पाठ करून उभे राहत आणि करंगळी टेकवत. फाटक निमूट उघडले तर घरी जात. कुरकुरले तर पुन्हा तेल. बाहेरून ते कसे उघडते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

"बाहेरून येनाऱ्याला चार खांदेकरी असत्यात," ते म्हणत. "आतून निघनाऱ्याला कोन हाय?"

यावरून त्यांना वेडे ठरवणाऱ्यांशी माझे भांडण आहे आणि ते मी मिटवणार नाही. शेवटच्या दिवशी मेलेले कबरीतून उठतील असा आपला विश्वास आहे, हे आमची सारी मंडळी दर रविवारी उभी राहून एका सुरात सांगते. सांगून झाले की घरी जाऊन मटण शिजले का ते पाहते. शिमोन घरी जाऊन तेलाची बाटली शोधत. दोघांपैकी कोणी आपले बोलणे मनापासून घेतले होते, हे ज्याने त्याने ठरवावे.

आमचे तरुण पाळक एकदा त्यांना समजावू गेले. "दादा, प्रभूच्या कबरीवरची धोंड देवदूताने लोटली. या फाटकाचे काय एवढे?"

"देव त्याचं करील, पाळकसाहेब. फाटक माज्याकडं हाय."

लष्करी वसाहतीत गवंडीकाम करून ते निवृत्त झाले होते. माणसाच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. नळ दुरुस्त करणारा 'उद्या सकाळी येतो' म्हणाला की ते उद्या सकाळी खुशाल घराला कडी घालून बाजारात जात. देवाच्या शब्दाबद्दल मात्र त्यांच्याजवळ दोनच शब्द होते: "त्यानं सांगितलंय." त्यापुढे चर्चा नाही. चाळीस वर्षे शाळेत मास्तरकी केलेल्या माझ्यासारख्याला हे असह्य होई. वाद घालायला समोर निदान तिसरा शब्द तरी हवा.

आता फाटकाच्या आतल्या उताराबद्दल. रस्त्याच्या मानाने आमची दफनभूमी खोलगट आहे; फाटकातून आत तीन दगडी पायऱ्या उतराव्या लागत. एका आठवड्यात शिमोन यांनी, कोणाला न विचारता, त्या फोडल्या आणि तेथे सिमेंटचा लांब, गुळगुळीत उतार केला. मंडळीचे सेक्रेटरी साळवे आजही सांगतात की तो त्यांनी आपली सायकल आत नेण्यासाठी केला. असत्य. त्यांची सायकल नेहमी बाहेरच्या कडुनिंबाला टेकलेली असे. ती मी अनेकदा सरळ केली आहे. पाळकांच्या मते तो वृद्धांच्या गुडघ्यांसाठी होता, आणि तशी पाटीही तेथे लागली आहे: 'ज्येष्ठांच्या सोयीसाठी'. मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. शिमोन यांनी माझ्या गुडघ्यांची कधीही चौकशी केलेली नव्हती.

खरे कारण मला एका कुलपामुळे कळले. ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. एका वर्षी दुपारपर्यंत शेळ्यांनी ती सारी फुले फस्त केली. तेव्हा फाटकाला कुलूप लावावे असा ठराव पंचांपुढे आला. तो मीच मांडला होता, हे मी लपवत नाही. पितळी कुलूपही मीच आणले आणि शनिवारी ते पिशवीत घालून शिमोन यांना सांगायला गेलो. ते उतारावर उकिडवे बसून थापीने एक बारीक खड्डा बुजवत होते.

"सलाम, शिमोनराव. सोमवारपासून फाटकाला कुलूप लागणार."

"सलाम, मास्तर. किल्ली कुनाकडं?"

"साळव्यांकडे."

"साळवे आठ वाजल्याबिगर उठत न्हाईत." थापी हलत राहिली. "आन् त्यानं पहाटंच बोलावलं म्हंजे? सगळी आत उभी ऱ्हात्याल, साळवे चा पिऊन येस्तोवर."

"जो मेलेल्यांना उठवतो, त्याला कुलूप अडवणार आहे का?"

"त्याला कशाला अडवल? पर त्यानं एवढं करायचं, आन् आपुन एक फाटक उघडं ठिवायचं न्हाई?"

मी हरलो होतो, आणि हरल्यावर मी अधिक कठोर होतो हा माझा जुना दोष. त्या उताराच्या वरच्या टोकाशी उभे राहिले की समोर, पश्चिमेच्या कुंपणाशी, त्यांच्या मुलीची, रूथची, लहानशी कबर दिसते. रूथची आई तिच्या जन्मानंतर वर्षभरात गेली. रूथचे दोन्ही पाय पोलिओने लुळे होते. शिमोन तिला खांद्यावर बसवून उपासनेला आणत. नऊ वर्षांची असताना ती तापाने गेली. हे सारे मला ठाऊक होते आणि तरीही मी बोललो.

"पांगळ्यांना पाय मिळतील असे वचन आहे ना? तुमचा त्यावर भरवसा आहे ना? मग पायऱ्या कशाला फोडल्या? ज्याला पाय मिळणार, त्याला उतार कशाला लागतो?"

वर्गात मुलांना मी असेच कोंडीत पकडत असे. शिमोन यांनी थापी खाली ठेवली आणि ओल्या सिमेंटवरून तळहात फिरवला.

"पाय मिळनार, मास्तर. त्यात शंका न्हाई, त्यानं सांगितलंय." मग हळूच म्हणाले, "पर पोरगी कधी चाललेली न्हाई. पहिल्याच दिशी तिला पायऱ्या कशा जमतील?"

मी पिशवी उचलली आणि घरी आलो. ठराव मागे घेतला. 'सदस्यांत एकमत न झाल्याने' असे साळव्यांनी इतिवृत्तात लिहिले आहे. तेही चुकीचे आहे. एकमत झाले होते. मी ते मोडले.

शिमोन यंदा जानेवारीत गेले. शनिवारी फाटकाकडे मी जातो. माझ्या करंगळीत तेवढे बळ नाही, म्हणून तेल जरा जास्त घालतो.

राहिली एक गोष्ट, आणि तिच्यासाठीच हे सारे लिहिले. आमच्यात प्रेताचे पाय पूर्वेकडे करून पुरतात, म्हणजे त्या दिवशी उठणाऱ्याचे तोंड उगवतीकडे असते. शिमोन मात्र उलटे पुरले गेले आहेत, पाय पश्चिमेला. शिवाय रूथच्या शेजारी जागा मोकळी असताना ते तिच्यापासून चार पावले पुढे, उताराच्या वाटेवर आहेत. साळवे सांगतात की खांदेकऱ्यांचा उतारावर गोंधळ झाला आणि पेटी फिरली.

गोंधळ झालेला नाही. जागा शिमोन यांनी स्वतः, चार कोपऱ्यांना चार दगड रोवून, मला दाखवून ठेवली होती. पेटी मी फिरवायला लावली. पाळक थांबा म्हणाले, तरी लावली.

दगड रोवले त्या दिवशी मी त्यांना विचारले होते, "सगळे उगवतीकडे पाहत उठणार, आणि तुम्ही एकटेच पाठ फिरवून?"

"सूर्य लई पाह्यला, मास्तर," ते म्हणाले. "लेकरू पहिलं पाऊल टाकतं, तवा बाप म्होरं बसून हात पसरतो. तिच्याकडं पाठ करून बसू व्हय?"