तिथे भेटावे

विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे अधीक्षक सकाळी अकराला रजेचा अर्ज घेऊन कुलसचिवांच्या खोलीत गेले, आणि अकरा वाजून चार मिनिटांनी तोच अर्ज आणि वर तीनशे माणसं गोळा करण्याचं काम घेऊन बाहेर आले.

अर्ज अगदी साधा होता. अधीक्षकांच्या लेकीला तीन महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती. लेक राहायची दहा तासांच्या अंतरावर. बायको बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडचीच झाली. आजोबांनी नात पाहिली होती ती फक्त फोनवर, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. एकदा नाक, एकदा अर्धा कान, एकदा नुसतंच पांघरूण. कारण बायकोला फोन सरळ धरता येत नसे. अख्खी नात एकदा डोळे भरून बघायची आणि मांडीवर घ्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी त्यांना पंधरा दिवस हवे होते.

"पंधरा दिवस?" कुलसचिव म्हणाले होते. "महोत्सवाचे प्रमुख तुम्ही, आणि उन्हाळी महोत्सव तोंडावर आलेला असताना?"

हा महोत्सव म्हणजे विद्यापीठाचं गावावरचं एकतर्फी प्रेम. दर उन्हाळ्यात विद्यापीठ आपली दारं सर्वसामान्य नागरिकांसाठी उघडायचं, आणि सर्वसामान्य नागरिक तिकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. तसा विद्यापीठानं आपल्याकडून काही कमी केलं नव्हतं. आकाशदर्शनाचा कार्यक्रम दुपारी दोनला ठेवला होता, कारण दुर्बिणीच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो पाचला घरी जातो. ग्रंथालयाची सहल ग्रंथालयाच्या सुट्टीच्या दिवशी ठेवली होती, म्हणजे वाचकांना त्रास नको. गेल्या वर्षीच्या उद्‌घाटनाच्या व्याख्यानाला अकरा माणसं आली. त्यांतली सहा पंख्याखाली बसायला आली होती, दोघं चुकून शिरली होती आणि उरलेले तिघे वक्त्याच्या सासरचे होते.

"या वेळी कुलगुरू स्वतः येणार आहेत," कुलसचिव म्हणाले. "तीनशे खुर्च्या मांडल्या आहेत. भरलेल्या दिसल्या तर तिथल्या तिथे तुमच्या अर्जावर सही करतो. नाही दिसल्या, तर नातीला सांगा, आजोबा पुढच्या उन्हाळ्यात येतील."

"पण साहेब, पुढच्या उन्हाळ्यात ती चालायला लागेल."

"मग तीच येईल की इकडे," कुलसचिव म्हणाले आणि चहा मागवला. एकच.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राचं काय झालं हो? नव्या नोकरीसाठी लागणार आहे. तीन वर्षं झाली अर्ज करून."

"प्रक्रियेत आहे."

"आणि तुमची रजा?"

"तीही प्रक्रियेत आहे," अधीक्षक म्हणाले, आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या नातीच्या अंगठ्याकडे बघत बसले.

व्याख्यानाचा विषय होता 'शेवाळाचे अंतरंग'. त्यासाठी आपण होऊन तीनशे माणसं येतील, असं समजण्याइतके अधीक्षक भोळे नव्हते. मग एकतीस वर्षांच्या नोकरीनं जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. परिपत्रक काढलं. 'प्रत्येक विभागाने वीस कर्मचारी व्याख्यानास पाठवावेत. त्यांनी गळ्यातील ओळखपत्र काढून सर्वसामान्य नागरिक म्हणून उपस्थित राहावे. कोणी विचारल्यास आपण नागरिक असल्याचे सांगावे.'

टायपिस्टबाईंनी टाइप करता करता मान वर केली. "साहेब, पंधरा विभाग, वीस-वीस माणसं. पण काही विभागांत एकूणच वीस आहेत."

"मग तर बरंच झालं. निवडायची कटकट नाही."

"आणि खिडक्यांवर कोण बसणार? निकाल लागलेत. बाहेर ही रांग लागलीय."

"रांगेचं काय घेऊन बसलात? रांग रोजच असते. व्याख्यान वर्षातून एकदा असतं."

टायपिस्टबाईंनी फक्त कुलसचिवांच्या एका जुन्या परिपत्रकाची आठवण करून दिली. पूर्वी एक लिपिक चहाला म्हणून गेला होता आणि सहाव्या दिवशी परत आला होता. तेव्हापासून नियमच झाला होता, की जागा सोडणाऱ्या कर्मचाऱ्यानं आपण कुठे गेलो ते कागदावर लिहून खिडकीला लावायचं आणि खाली 'तिथे भेटावे' असं लिहायचं. आजवर हा नियम कुणी पाळला नव्हता. पण आता सगळे एकदमच जागा सोडणार, तर निदान कागदोपत्री चूक नको, म्हणून अधीक्षकांनी स्वतः तसे पंधरा कागद टाइप करून घेतले. 'सर्व कर्मचारी मोठ्या सभागृहात शेवाळाच्या व्याख्यानास गेले आहेत. तिथे भेटावे.'

व्याख्यानाच्या दिवशी साडेदहाला सभागृह गच्च भरलं. नागरिक आपापल्या विभागानुसार, ज्येष्ठतेच्या क्रमानं बसले होते, आणि आपापल्या साहेबांच्या पुढे पाय जाणार नाहीत याची काळजी घेत होते. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व्यासपीठावर आले आणि त्यांना गहिवरून आलं. बावीस वर्षांत त्यांच्या तासाला जागी असलेली इतकी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. अधीक्षकांनी मागे उभं राहून दोनदा मोजलं. बरोबर तीनशे. नातीचं नाक त्यांच्या डोळ्यांसमोर तरळलं.

पावणेअकराला सभागृहाचं दार उघडलं. दारात एक नर्स उभी होती. हातात जाडजूड पाकीट आणि मागे पन्नासेक माणसं. नर्सबाईंनी एकदा सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली आणि त्या सरळ तिसऱ्या रांगेकडे निघाल्या.

"अहो, खिडकी नंबर चार! इथे येऊन बसलात होय?"

खिडकी नंबर चारवर बसणाऱ्या लिपिकानं घाईनं आपल्या गळ्याला हात लावून पाहिला. ओळखपत्र नव्हतं. "मी नागरिक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"सर्वसामान्य नागरिक. शेवाळाची आवड आहे मला."

"असं होय? मग मीपण नागरिकच आहे. चार महिन्यांत अकरा चकरा मारल्यात तुमच्या खिडकीवर. दवाखान्यात बढती अडलीय माझी या प्रमाणपत्रापायी. तुम्हीच म्हणालात ना, शिक्का तेवढा राहिलाय?"

"तो... कार्यालयात आहे."

"तुमच्या खिशात आहे. रोज खिशातून काढताना बघते मी."

हे मात्र खरं होतं. विद्यापीठात कुणाचाच कुणावर विश्वास नसल्यामुळे प्रत्येक जण आपला शिक्का खिशात घेऊनच हिंडत असे. लिपिकानं इकडेतिकडे पाहिलं, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कागद टेकवला आणि शिक्का मारला. "आता तपासणीची सही लागेल," तो सवयीनं म्हणाला. "त्याला तीन आठवडे लागतात."

"तपासणीवाले कुठेत?"

लिपिकानं शेजारी पाहिलं. तपासणीवाले शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांच्या पलीकडे नोंदणीवाले, आणि त्यांच्याही पलीकडे परीक्षा विभागाचे साहेब. एरवी हे चौघे चार इमारतींत बसायचे. एका इमारतीतून दुसरीकडे कागद न्यायचा तो फक्त सोमवारी, आणि सोमवारी शिपाई आला तर. आज पहिल्यांदाच ते एका रांगेत मांडीला मांडी लावून बसले होते. वर्गात मागच्या बाकावरून चिठ्ठी सरकावी तसा कागद सरकत गेला, आणि सातव्या मिनिटाला नर्सबाईंच्या हातात पडला. त्या तो उलटसुलट करून बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं वाटतं," परीक्षा विभागाचे साहेबही चकित होऊन म्हणाले.

मग काय विचारता! मागच्या पन्नास जणांनी आपापली पाकिटं बाहेर काढली. कुणीतरी फोन लावला, "लगेच ये, सगळे एकाच खोलीत सापडलेत!" अर्ध्या तासात रांग सभागृहाबाहेर गेली आणि तासाभरात मुख्य दरवाजाला टेकली. प्राध्यापकांना वाटलं, बातमी गावभर पसरली आणि लोकांना शेवाळाची गोडी लागली. ते आवाज चढवून बोलू लागले. एका आजोबांनी व्यासपीठावर चढून त्यांना हळूच विचारलं, "साहेब, तुम्ही कशावर सही करता?" आणि त्यानंतर प्राध्यापक एका हातानं शेवाळाची चित्रं दाखवत आणि दुसऱ्या हातानं छायाप्रती साक्षांकित करत राहिले.

अधीक्षकांच्या पायांखालची जमीन सरकली होती. पण माणसं तर येतच होती! शेवटी त्यांनीही धीर केला. खिशातून रजेचा अर्ज काढला आणि रांगेत सोडून दिला. अर्ज सरळ निघाला. पाच सह्या लागत होत्या. चार मिनिटांत चार पडल्या. पाचवी कुलसचिवांची.

तेवढ्यात कुलगुरू आले. त्यांना दरवाजातून आत यायलाच पाव तास लागला. पहिल्या रांगेत बसलेले कुलसचिव पांढरे फटक पडून उठले.

"एवढी गर्दी?" कुलगुरू म्हणाले. "शेवाळाला?"

कुलगुरूंनी समोरच उभ्या असलेल्या नर्सबाईंना विचारलं, "ताई, कसा वाटला आमचा कार्यक्रम?"

"फार उपयोगी," नर्सबाई मनापासून म्हणाल्या. "विद्यापीठात आजवर इतकं काही हाती लागलं नव्हतं. रोज ठेवा."

कुलगुरू हेलावले. त्यांनी तिथल्या तिथे माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, की नागरिकांच्या आग्रहाखातर हे व्याख्यान आता उन्हाळाभर रोज होईल, आणि प्रेक्षकही हेच राहतील, कारण इतके शिस्तीत बसणारे प्रेक्षक आपण कुठे पाहिले नाहीत. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राध्यापकांनी रुमाल डोळ्यांना लावला.

अर्ज त्याच वेळी कुलसचिवांच्या हातात पोचला. सकाळपासून शेकडो कागदांवर सह्या पडल्या होत्या. त्या सगळ्या सभागृहात वाचून सही करणारा हा एकच माणूस निघाला.

"महोत्सव प्रमुखालाच रजा?" ते म्हणाले.

"साहेब, तुम्ही म्हणाला होतात, तीनशे खुर्च्या भरल्या तर..."

"तीनशे म्हणालो होतो. ही आठशे आहेत. अट तुम्ही मोडलीत." आणि त्यांनी अर्जावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'नामंजूर'.

त्या रात्री अधीक्षक जेवले नाहीत. फोन आला तेव्हा त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं, की प्रक्रिया संपली.

महोत्सव जोरात चालू राहिला. अधीक्षकांना आता रांगेच्या शेवटी एक टेबल मिळालं होतं. तिथे बसून ते कागद तपासायचे, नोंदवहीत नाव चढवायचे आणि मान खाली घालूनच "पुढे!" म्हणायचे. मान वर करावी असं त्यांना समोर काही दिसतही नव्हतं. प्राध्यापक शेवाळाच्या मुळांपाशी येऊन शेवाळाला मुळं नसतात हे रोज नव्यानं सांगत होते.

नवव्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांच्या टेबलावर एक प्रमाणपत्र आलं. शिक्का होता, सगळ्या सह्या होत्या. त्यांनी यंत्रासारखं नाव वहीत चढवायला घेतलं. "काम झालंय तुमचं. आणखी काही?"

"नात दाखवायची होती."

"कोणाची?"

"तुमची, बाबा."

अधीक्षकांनी मान वर केली. समोर लेक उभी होती, रात्रभरच्या प्रवासानं दमलेली, आणि तिच्या खांद्यावर अख्खी नात होती. नाक, दोन्ही कान, दोन्ही अंगठे, सगळं एकाच वेळी दिसत होतं.

"फोनवर आलं होतं, इथे सात मिनिटांत काम होतं म्हणून," लेक म्हणाली. "तुमच्याकडे तीन वर्षं प्रक्रियेत होतं ते. आई बाहेर सावलीत सामान घेऊन बसलीय. धरताय ना हिला? की त्यालाही अर्ज लागतो?"

अधीक्षकांनी पेन बाजूला ठेवलं. त्यांनी हात पुढे केले. नात आली, तिनं त्यांचा चष्मा ओढला आणि खिशातल्या शिक्क्यावर हात मारला. ते हसले, आणि हसता हसता रडलेही. मागून रांगेतून आवाज आला, "अहो अधीक्षक, खिडकी बंद झाली का?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी नियम मोडला नव्हता. आताही मोडला नाही. एका हातानं नातीला सांभाळत त्यांनी एक कोरा कागद ओढला, त्यावर ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं, कागद खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि ते बाहेर सावलीच्या दिशेनं चालू लागले. थोड्या वेळानं कुलसचिव त्यांना शोधत टेबलापाशी आले. कागदावर लिहिलं होतं:

'अधीक्षक नातीकडे गेले आहेत. तिथे भेटू नये.'