आकाश जांभळे आहे

रसायनबाईंच्या वर्गातला काळा फळा सुट्टीत काढून नेला आणि त्याच्या जागी भिंतभर काचेचा, विजेवर चालणारा फळा बसवला. बोट लावले की तो उघडत असे. कधीकधी न लावताही उघडत असे.

"पुढची चाचणी याच्यावरच घ्यायची," मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बजावले. "प्रत्येक मुलाच्या हातात रिमोट. प्रश्न फळ्यावर दिसणार, मुलं बटण दाबणार, गुण लगेच पालकांच्या फोनवर. कागद एकही दिसता कामा नये."

"आणि लाईट गेली तर?"

"जाणार नाही."

"पण गेलीच तर?"

"बाई, जमणार नसेल तर तसं सांगा. वरचा वर्ग संगणकबाई घेतील."

वरचा वर्ग म्हणजे रसायनबाईंचा जीव की प्राण. खालच्या वर्गांना शिकवताना त्या नोकरी करत असत. वरच्या वर्गाला शिकवताना आपण नोकरी करतो आहोत याचा त्यांना विसर पडत असे. "जमेल," असे म्हणून त्या बाहेर पडल्या.

संगणकबाई वयाने लहान आणि बोटांनी चपळ होती. मधल्या सुट्टीत तिने सगळे समजावून दिले. "हे बघा ताई, या पानावर प्रश्न, त्या पानावर उत्तरं. घरं आखलेलीच आहेत. भरत जायचं, बस."

प्रयोगशाळेत आम्ल मोजून घ्यावे इतक्या काळजीने रसायनबाईंनी आपले दहा प्रश्न भरले. पहिल्या घरात यंत्रणेने नमुना म्हणून स्वतःचाच एक प्रश्न घालून ठेवला होता. दुसऱ्याने लिहिलेले आपण कसे खोडायचे, असा संकोच वाटून त्यांनी आपला पहिला प्रश्न दुसऱ्या घरात लिहिला. उत्तरांचे पान मात्र कोरे होते, म्हणून तिथे पहिल्या घरापासूनच सुरुवात केली. दोन्ही पाने त्यांनी दोनदा तपासली. वेगवेगळी तपासली.

मग कार्यालयात कोणी नाही असे पाहून त्यांनी तेच दहा प्रश्न झेरॉक्स मशीनवर वर्गाला पुरतील इतके छापून घेतले आणि गठ्ठा पर्समध्ये कोंबला.

चाचणीच्या वेळी प्रत्येक बाकावर रिमोट होता आणि रिमोटखाली कागद.

"कागद उपडा ठेवायचा. लाईट गेली तरच उलटायचा. आणि घरी जाताना मला परत द्यायचा. याबद्दल कुठे बोलायचं नाही. कळलं?"

"हो, बाई," वर्ग म्हणाला.

खिडकी काही म्हणाली नाही. तिचे खरे नाव हजेरीत होते, पण शिक्षकांच्या खोलीत तिला खिडकी म्हणत. ती खिडकीशेजारी बसे आणि शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत बाहेर, वर, आकाशाकडे बघत असे. रसायनबाईंनी तिला "फळ्याकडे बघ" असे इतक्या वेळा सांगितले होते की आता ते वाक्य त्यांच्या तोंडून श्वासासारखे आपोआप बाहेर पडे.

बाईंनी फळा सुरू केला आणि सवयीप्रमाणे त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. परीक्षेत मुलांवरची नजर हलवायची नाही, हा त्यांचा नियम होता. वर्गात खसखस पिकली.

"शांत!"

पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने हात वर केला. "बाई, हा पहिला प्रश्न जरा…"

"परीक्षेत आपण प्रश्न विचारत नाही. उत्तरं देतो."

मुलाने खांदे उडवून बटण दाबले. फळ्यावर लिहिले होते: आकाशाचा रंग कोणता? अ, निळा. ब, हिरवा. क, पिवळा. ड, जांभळा.

चाचणी शांततेत पार पडली. लाईटही गेली नाही. बाईंनी कागद गोळा केले, 'गुण पाठवा' या बटणावर बोट ठेवले आणि आपल्याला जमले, असे त्यांना वाटले. हे वाटणे साधारण चहा संपेपर्यंत टिकले.

"ताई," संगणकबाई दारातून म्हणाली, "मोठ्या बाईंनी बोलावलंय. पटकन चला. डॉक्टरीणबाई आल्यात."

डॉक्टरीणबाई म्हणजे पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाच्या आई. दवाखाना अर्ध्यावर सोडून आल्या होत्या. गळ्यात स्टेथोस्कोप तसाच होता. मागे आणखी पालक उभे होते आणि प्रत्येकाच्या हातातला फोन पुढे केलेला होता.

"दहापैकी एक?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाला? त्याला खोकला झाला तरी तो त्याचं सूत्र मांडतो!"

"माझीला दोन आहेत," मागून एक वडील जरा अभिमानाने म्हणाले.

"सगळ्या वर्गाचीच दांडी उडालीय," मोठ्या बाईंनी रसायनबाईंकडे बघितले. "एकटीला फक्त दहापैकी दहा आहेत. त्या खिडकीला."

"शक्य नाही," रसायनबाईंच्या तोंडून निघून गेले.

"का नाही? यंत्रणा तोंड बघून गुण देत नाही. आजवर आपल्याला दिसली नाही ती हुशारी तिने शोधून काढली, असं का नाही म्हणत तुम्ही?"

"ते राहू द्या हो," डॉक्टरीणबाई फोन नाचवत म्हणाल्या, "आधी मला हे सांगा. आकाशाचा रंग कोणता? मुलानं लिहिलं निळा. इथे म्हणतायत, चूक. बरोबर उत्तर, जांभळा. मी सकाळी बघितलं तेव्हा तर निळं होतं!"

दोन पालकांनी खिडकीबाहेर बघून खात्री करून घेतली.

रसायनबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी तो नमुना प्रश्न, ती घरे, ती दोन पाने, सगळे सांगितले. प्रश्न एक घर पुढे होते, उत्तरे जागच्या जागी. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला त्याच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर धरले गेले होते. कागदांचा उल्लेख त्यांनी केला नाही. तशी गरजही दिसत नव्हती.

"एवढंच होय!" संगणकबाई म्हणाली. "नमुना मोजायचा नाही, उत्तरं एक घर पुढे सरकवते. झालं!"

तिने बोट फिरवले. पालकांच्या फोनवर सुधारित गुण टिंग टिंग करत येऊ लागले. डॉक्टरीणबाईंनी दहापैकी दहा बघितले, स्टेथोस्कोप सावरला आणि "पुन्हा एक जरी चूक झाली ना, तर मी लेखी तक्रार करीन," असे सांगून त्या गेल्या. मागोमाग बाकीचेही गेले.

"खिडकीला आता शून्य," संगणकबाई पडद्यावर बघत म्हणाली. "तिच्या वडिलांनाही गेला मेसेज."

"मला वाटलंच होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "एकूण यंत्रणा बरोबरच आहे म्हणायची."

रसायनबाईंनी मान डोलावली. वर्ग वाचला होता. त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या. दिवसभर आकाशाकडे बघणारी मुलगी आकाश जांभळे आहे असे कशाला म्हणेल? वर्गातल्या कोणाचाही तो प्रश्न चुकू शकला असता, तिचा नाही.

त्या वऱ्हांड्यात गेल्या. शाळा सुटली होती. खिडकी कठड्याला टेकून वर बघत उभी होती.

"काय गं, आकाश जांभळं असतं?"

"कुठलं आकाश, बाई?"

"फळ्यावर विचारलं होतं ते."

खिडकीचा चेहरा पडला. "मी फळ्याकडे बघितलंच नाही, बाई. सॉरी. मी कागदावरचं सोडवलं आणि तशीच बटणं दाबली. पहिल्याचं ड, दुसऱ्याचं ब…" तिने दहाही उत्तरे घडाघडा सांगितली. सगळी बरोबर होती.

"कागद उपडा ठेवायला सांगितला होता ना?"

"कधी?"

कागदावर नमुना प्रश्न नव्हता, म्हणून तिची उत्तरे न सरकवलेल्या उत्तरपानाशी जशीच्या तशी जुळली होती. तिचे दहापैकी दहा खरे होते, पण तसे सिद्ध करायचे तर कागद दाखवावा लागणार होता. गप्प बसले की वर्ग राहतो. त्या वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि सरळ मोठ्या बाईंच्या टेबलावर गठ्ठा ठेवून मोकळ्या झाल्या.

"हे काय?"

"कागद. लाईट गेली तर म्हणून."

मोठ्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे मी नको म्हणताना तुम्ही छापलेत. मग बाई, वर्ग आता…" त्या संगणकबाईकडे वळल्या. "आधी हे कागद बघून सांगा, त्या मुलीची उत्तरं खरंच बरोबर आहेत का?"

संगणकबाईने कागद हातात घेतला, सरळ धरला, मग जरा लांब धरला. "मोठ्या बाई, मला यातलं काही येत नाही. रसायन जमेना म्हणून तर मी कॉम्प्युटरकडे वळले."

मोठ्या बाईंनी कागद तिच्या हातून काढून परत गठ्ठ्यावर ठेवला.

"पालक काय म्हणतात ते बघू आणि मग वर्गाचं ठरवू," मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. "आता त्या मुलीचे गुण दुरुस्त करा."

पण यंत्रणेला एका चाचणीला दोन उत्तरपाने चालत नव्हती. संगणकबाई म्हणाली, "ताई, तिच्या वडिलांना सरळ मेसेजच लिहा. हे बघा, इथे."

रसायनबाईंनी एकेक अक्षर शोधून लिहिले: 'आपल्या पाल्याला दहापैकी दहा गुण आहेत. आधीचे संदेश चुकीचे होते. चूक माझी. क्षमस्व.' त्यांनी मजकूर दोनदा तपासला. वर बारीक अक्षरात 'सर्व पालक' असे लिहिले होते, ते मजकुरात नसल्यामुळे तपासले नाही.

उत्तरे मिनिटाभरात येऊ लागली. ज्यांच्या मुलांना सहा होते त्यांनी आभार मानले. ज्यांना चार होते त्यांनी जास्त मानले. मघाशी दोन गुणांवर खूश असलेल्या वडिलांनी लिहिले, 'मुलगी घरी अभ्यास करते हे मला माहीत होतेच.' डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा तेच दहा मिळाल्याबद्दल अभिनंदन स्वीकारले.

"पण मोठ्या बाई, हा मेसेज सगळ्यांना…" रसायनबाई पांढऱ्या पडल्या होत्या. "मी आत्ता खुलासा करते."

"खबरदार!" मोठ्या बाई फोन वाचता वाचता म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "एकही तक्रार नाही. फळा आल्यापासून पहिल्यांदा! खरे गुण प्रगतिपुस्तकात लिहा, ते कोण वाचतंय. वर्ग तुमच्याकडेच राहू दे."

शेवटचे उत्तर खिडकीच्या वडिलांचे आले. त्यांची शाळेसमोर लाँड्री होती. 'बाई, आधी दहा आले, तेव्हा लेकीला नवी चप्पल घ्यायची ठरवली. मग शून्य आले. आता परत दहा. आणखी एक येणार असेल तर थांबतो, तोवर तिला काही सांगत नाही.'

उत्तर लिहिण्यासाठी रसायनबाईंनी बोट पुढे केले. मग ते मागे घेतले, पर्स उचलली आणि रस्ता ओलांडायला निघाल्या.