हंगामी धुरा

रामाकोन्याच्या शिवारात नत्थूजी आणि हिरामण यांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हद्दीचा एक दगड होता. तो शासकीय असल्यामुळे जागचा हलत नसे. फक्त दरवर्षी अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, गाव जेवून आडवं झालं की नत्थूजी तो हातभर पूर्वेला सरकवीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव गोटमारीची दगडफेक पाहायला पांढुर्ण्याला गेलं की हिरामण तो हातभर पश्चिमेला आणी. आपण शेजाऱ्याला फसवलं, या समाधानात दोघेही सुखी होते.

मग ऐन ज्येष्ठात पटवारी पल्लवी मॅडम उपग्रहावरून मोजणारं यंत्र घेऊन आल्या. आता दोन सेंटिमीटरचाही घोळ राहणार नव्हता.

हिरामण धावतच मॅडमकडे गेला. धुऱ्याला लागूनच त्याच्या बायकोनं, वच्छलानं लावलेलं संत्र्याचं झाड होतं. बागेत सगळ्यांत गोड तेच.

"मॅडम, मोजणी गोटमारीनंतर करा ना."

"का?"

"तवा दगड बराबर जागी राह्यते."

नत्थूजींना जोराचा खोकला आला. "सरकारी दगड कुठी जाते गा, हिरामण?"

मोजणी हद्दीच्या दगडापासून झाली आणि झाड नत्थूजींच्या हद्दीत निघालं.

"लावलं मीनं, पाणी घातलं मीनं, अन् झाड त्या बुढ्याचं कसं काय?" वच्छला म्हणाली.

"काकू, यंत्राला ते दिसत नाही," मॅडम म्हणाल्या.

वच्छलानं अपील केलं. गोटमार झाली. फेरमोजणीत झाड हिरामणच्या हद्दीत आलं, तेही दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक. आता नत्थूजींनी अपील केलं. यंत्र तपासणीला गेलं आणि निर्दोष सुटून परत आलं.

अखेर वरून आदेश निघाला. यंत्र चुकत नाही. शासकीय दगड सरकत नाही. सबब, जमीन सरकते. झाड आखाजीपासून गोटमारीपर्यंत नत्थूजींचं, पुढे आखाजीपर्यंत हिरामणचं. जमीन सरकल्यावर दगड मागे राहू नये म्हणून वर्षातून दोनदा शासकीय कर्मचारी येऊन तो हातभर सरकवतील.

नत्थूजींनी गावात पेढे वाटले. संत्री हिवाळ्यात उतरतात, हे त्यांना पेढे संपल्यावर आठवलं. त्यांच्या वाट्याला ऊन आलं होतं. शिवाय झाड वाळलं तर जबाबदारी त्या हंगामातल्या मालकाची, असंही आदेशात होतं.

तेव्हापासून वैशाखाच्या उन्हात नत्थूजी बादल्या वाहतात आणि वच्छला धुऱ्यावर सावलीला बसते.

"खोडाले पाणी लागू देऊ नका, भाऊजी. आळ्यात सोडा."

"सोडूनच राहिलो ना, बाई."

यंत्र आता शहरांकडे निघालं आहे. तुम्ही खुशाल हसा. पण आपल्या कंपाउंडची भिंत, गॅलरीची जाळी, पार्किंगची पांढरी पट्टी एकदा पाहून ठेवा. यंत्र येईल तेव्हा त्या हातभर सरकवण्याची तुमची पाळी होऊन गेलेली असली म्हणजे झालं. तशी ती होऊन गेलेलीच आहे. शेजाऱ्याला अजून कळायचं आहे, इतकंच.