घराचं बटण

बाळासो मगदुमांचं ड्रोन पहिल्याच रात्री माहेरी निघून गेलं.

यात बाळासोंची काही चूक नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. शिरटवाडीत त्यांचा फोटो स्टुडिओ. ड्रोन घेतलं होतं गडहिंग्लजच्या हत्तरकींकडून, वापरलेलं पण चांगल्या घरातलं. रात्री उडवायचं म्हणून बाळासोंनी दिवसाउजेडी सगळं गाव पालथं घातलं. विजेच्या तारा कुठून जातात, पाण्याची टाकी कुठं आहे, नारळ किती उंच वाढलेत, सगळं बघून ठेवलं. बॅटरी गच्च भरली. तांबडे-हिरवे दिवे लागतात का ते दोनदा पाहिलं. अंधार पडल्यावर ड्रोन वर सोडलं, टाकीभोवती एक चक्कर मारली आणि रिमोटवरचं घराचं चित्र असलेलं बटण दाबलं. ते दाबलं की ड्रोन घरी जातं. ड्रोन जागच्या जागी थांबलं, दिवे लुकलुकले आणि गडहिंग्लजच्या दिशेला तोंड करून जे गेलं ते गेलं.

सकाळी हत्तरकींचा फोन आला. "पोचली बरं का सुखरूप. काळजी करू नका."

"कोण?"

"कोण म्हंजे? ड्रोन. जरा वाळल्यासारखी वाटतीया, पण ठीक हाय."

मधे तीन नद्या, आणि बॅटरी जेमतेम अर्ध्या तासाची. पण माहेरच्या वाटेला बॅटरी किती लागते हे कुठल्या कंपनीनं कधी मोजलंय? बाळासो मुकाट्यानं एसटीत जाऊन बसले.

गडहिंग्लजला हत्तरकींच्या मंडळींनी, गौराक्कांनी, त्यांना पाणी दिलं आणि समोर बसल्या. "रात्री कुठं ठेवता तिला?"

"कपाटात."

"एकटीला?"

"बॅटऱ्या असतात की सोबत."

गौराक्कांनी रिकामा तांब्या उचलला आणि आत निघून गेल्या. ते उठून जाणं बाळासोंना चांगलंच झोंबलं. निघताना हत्तरकींनी हळूच सांगितलं, सेटिंगमधे जाऊन घर बदलून घ्या, म्हणजे मिटलं. बाळासोंनी गावी येऊन घर बदललं. 'घर बदलले आहे' असं पडद्यावर आलंसुद्धा. त्या रात्री ड्रोन पुन्हा गडहिंग्लजला गेलं.

आता मात्र बाळासोंच्या तोंडचं पाणी पळालं. जत्रा तोंडावर आलेली. छबिन्याची, म्हणजे देवाच्या रात्रीच्या पालखीची, मिरवणूक वरून टिपायचं काम यंदा पहिल्यांदा त्यांच्याकडे आलं होतं. एरवी तालुक्याचा स्टुडिओ यायचा आणि भाव खाऊन जायचा. आणि आता पोलीस पाटील आनंदराव परवानगी देईनात.

"तुमचं ड्रोन नांदत नाही, बाळासो," ते म्हणाले. "अंधारात गर्दीवरनं ते माहेरला निघालं, तर लोक वर बघत मागं पळणार. कोण कुणाच्या पायाखाली येईल सांगता येतंय? नांदायचं ठरवा, मग उडवा."

बाळासो घरी येऊन चुलीपाशी बसले. "सेटिंगमधे घर बदललंय. अजून काय करायचं माणसानं?"

त्रिशलाबाई भाकरी थापत होत्या. "माझंबी नाव तुम्ही लग्नाच्या आठवड्यातच रेशन कार्डावर चढवलं हुतं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय न्हाई. तव्यावरची उलटा तेवढी."

बाळासोंनी भाकरी उलटली. त्रिशलाबाईंचं माहेर निपाणीचं. दिवाळीत दुकानात गिऱ्हाईक आणि पुढं लगेच लग्नसराई, त्यामुळे त्यांचं जाणं दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचं.

देवळात बैठक बसली. हत्तरकी तिला घेऊन जोडीनं आले. ड्रोन मधे पाटावर ठेवलं. "मुलीला इथं त्रास काय?" आनंदरावांनी रीतसर विचारलं. कपाटाचा विषय निघाला, सेटिंगचा निघाला, हत्तरकींनी पंखे पुसायचं फडकं मऊ असावं असं सुचवलं, आणि चर्चा काही पुढं सरकेना. तेव्हा त्रिशलाबाई खांबाजवळून म्हणाल्या, "परत कधी जायचं ते तिला सांगून टाका. तेवढं ठाऊक असलं की मन लागतंय."

मग ठरलं. ड्रोन रात्री खिडकीत राहील, आणि दिवाळीला हत्तरकी स्वतः मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला येतील. गौराक्कांनी ओटी भरली. नारळाचं वजन उडताना झेपणार नाही म्हणून सुपारीवर भागवलं, आणि कुंकू लावताना कॅमेऱ्याच्या काचेला बोट लागू दिलं नाही.

छबिना झोकात झाला. ड्रोन गर्दीच्या डोक्यावर एकदाही गेलं नाही. रस्त्याच्या कडेकडेनं, शेतावरून, पालखीच्या चालीनं चाललं. बाळासोंनी त्याच्यावरची नजर हटवली नाही, लोकांनी तोंडाजवळ आणलेला पेढाही न बघताच खाल्ला. पालखी देवळात शिरली आणि त्यांनी घराचं बटण दाबलं.

हलगी थांबली. आनंदरावांनी टोपी काढून हातात घेतली. ड्रोन नारळांच्या वर गेलं, थांबलं, आणि सावकाश गडहिंग्लजकडे वळलं. बाळासोंना रडूच यायचं बाकी राहिलं.

गर्दीतून त्रिशलाबाई भाकरतुकडा घेऊन पुढं आल्या. "ये गं खाली," त्या म्हणाल्या, रोजच्याच आवाजात. "दिवाळीला आपण दोघी जाऊ."

ड्रोन उतरलं ते थेट त्यांच्या पायाशी. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. 'दोघी' हा शब्द बाळासोंनी ऐकला होता, पण एवढ्या गावासमोर काय बोलणार?

दिवाळीला हत्तरकी जीप घेऊन आले. वाटेत निपाणी लागतेच. त्रिशलाबाई पुढं बसल्या, ड्रोन मांडीवर घेतलं आणि जीप गेली.

संध्याकाळी बाळासोंना घर खायला उठलं. गंमत म्हणून त्यांनी रिमोट हातात घेतला आणि घराचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'ड्रोन घरीच आहे.'

बाळासोंनी रिमोट बंद केला आणि निपाणीला फोन लावला. "पोचलीस?"

"पोचले."

"बरं," ते म्हणाले. "साखर कुठं असती?"

"कपाटात," त्रिशलाबाई म्हणाल्या.