साखळीविना ग्लास

राष्ट्राची संपत्ती कोळशात किंवा भिवापुरी मिरचीत नसून नागरिकांच्या परस्परविश्वासात असते, हे आता सर्व विद्वानांना मान्य आहे. (उमरेडच्या कोळसावाल्यांना कोणी विचारलेलं नाही.) नागपुरातल्या एका कॉलनीचे अध्यक्ष मारोतराव यांना हे सत्य त्यांच्या मुलाने, सौरवने, कायमचं डेन्मार्कला जायच्या आठवडाभर आधी सांगितलं. तिकडे म्हणे शेतकरी विकायचे बटाटे आणि पैशांचा डबा रस्त्याकडेला ठेवून खुशाल घरी जेवायला जातो.

"अन् आपल्या कॉलनीत पाणपोईच्या ग्लासालेही साखळी," सौरव म्हणाला. "बाबा, तो ग्लास मी जाईस्तोवर साखळीबिगर टिकवून दाखवा. मी तिकीट फाडतो."

मारोतरावांचा सारा जीव या एकुलत्या पोरात. "काहून नाही टिकणार गा? पुरी कॉलनी पदवीधर हाये."

त्याच संध्याकाळी साखळी समारंभपूर्वक तोडण्यात आली. विश्वास संस्थात्मक पातळीवर रुजावा म्हणून पहारेकरी नेमला. पहारेकऱ्यावर विश्वास राहावा म्हणून कॅमेरा बसवला. कॅमेरा जाऊ नये म्हणून त्याला साखळी घातली. (तीच, टाकून कशाला द्यायची?) पहारेकरी बुटीबोरीचा कारखाना सोडून आला होता, म्हणजे स्थलांतराचा ओघ कॉलनीकडे वळलासुद्धा. समृद्धी येते ती अशी.

शेजाऱ्यांवर मारोतरावांचा पूर्ण विश्वास होता. तरी ग्लास गेला तर पोरगंही जाईल, या धास्तीने त्यांनी घरचा एक ग्लास गुपचूप माठामागे ठेवला. असा पूर्ण विश्वास असलेले ते एकटेच नव्हते. कॉलनीच्या अब्रूची काळजी सगळ्यांनाच होती.

जायच्या दिवशी मूळ ग्लास जागच्या जागी होता आणि माठामागे आणखी एकोणीस निघाले. चोरीचं प्रमाण शून्याच्याही खाली गेलं. शेजारचे धोंडबा चक्क नाचले, समोरच्या प्रेमिलाबाईंनी पेढे वाटले, मारोतरावांचे डोळे भरून आले. जो तो पुढे होऊन आपण ठेवलेला ग्लास अभिमानाने दाखवू लागला आणि सौरव त्यावर कोरलेली नावं वाचू लागला.

"बाबा, तुमच्या ग्लासावर धोंडबाकाकाचं नाव हाये."

"पंगतीत होते गा इकडचं तिकडं," मारोतराव म्हणाले.

धोंडबांनी आपला ग्लास पाठीमागे नेला. त्यांच्या ग्लासावर प्रेमिलाबाईंचं नाव होतं. प्रेमिलाबाईंच्या ग्लासावर मारोतरावांचं होतं, आणि खाली सौरवच्या बारशाची तारीख. तक्रार एकाचीही आली नाही. ज्याने जो आणला तो त्याने मुकाट परत नेला.

"जाऊ दे ते. ग्लास टिकला ना?" मारोतरावांनी विचारलं. "आता फाड तिकीट."

"टिकला, बाबा," सौरव त्यांच्या पाया पडत म्हणाला. "पण मी शब्द पाळीन असं वाटलंच कसं तुम्हाले? मी बी इथलाच ना."

तो गेला. मारोतराव विमानतळावर लहान पोरासारखे रडले. बारशाचा ग्लास तेवढा सौरवने हळूच बॅगेत घातला होता. (प्रेमिलाबाई तो अजून परत मागतात.)

वाचकहो, हसून झालं असेल तर जरा स्वयंपाकघरात जा आणि मांडणीवरच्या ग्लासावरचं नाव वाचा. तुमचंच निघालं, तर त्याच्या शेजारचा बघा.