शांताकाकूंची काडी

काडी लावणाऱ्या बायका प्रत्येक आळीत असतात. देवासच्या आमच्या कॉलनीतल्या शांताकाकू मात्र खरीखुरी, माचिसची काडी लावायच्या. आणि तीही नवऱ्याच्या कपड्यांना.

सत्तरचं दशक सरत आलेलं. लग्न होऊन मी धारहून त्यांच्या शेजारी राहायला आले. चौथ्याच दिवशी काकू मागच्या अंगणात काकांच्या पँटीच्या दुमडीतून कातरलेली चिंधी चिमट्यात धरून पेटवताना दिसल्या. मी किंचाळलेच.

"ओरडू नकोस गं धारवाली. बघ, काळी पडली, पण विझली. पास!"

काका ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होते. वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्या उडतात म्हणून कंपनीनं त्यांना आग न धरणाऱ्या सुती कापडाचे कपडे दिले होते. काकूंचा कंपनीवर विश्वास नव्हता. तसा तो कशावरच नव्हता. माझ्या भावाला स्थळ सांगून आलं, तेव्हाही त्यांनी विचारलं, "काडी लावून बघितलीत का?"

दर धुण्याला त्या कॉलरच्या आत लाल दोऱ्याचा एक टाका घालायच्या. विसाव्या टाक्यानंतर चिंधी विझायला वेळ घेऊ लागली. सव्विसाव्याला भुर्रकन पेटली. काकूंचा चेहरा उतरला. दुसऱ्या सकाळी त्या कारखान्याच्या ऑफिसात हजर.

"माताजी, पचास धुलाई की गारंटी है," तिथला बाबू म्हणाला. "आप साबुन गलत लगाती होंगी."

"गारंटी कुणाच्या पाण्यातली, भिया?"

बाबूला ते कळलं नाही. काकूंना मात्र तिथल्या तिथे सुचलं. आमच्या हापशाचं पाणी इतकं जड, की बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढायची, साबणाचा फेस म्हणून येत नसे. तेच पूट कापडावर बसत असणार. बॉयलरला घालायचं मऊ पाणी काकांनी रोज एक डबा भरून आणलं. का हवं, ते विचारलंसुद्धा नाही. नव्या जोडाच्या दुमडीतून काकूंनी तीन पट्ट्या कापल्या, एक मऊ पाण्यासाठी, दोन हापशाच्या. साबण एकच, पाणी दोन. हापसा मी मारत होते. महिनाभर आम्ही त्या पट्ट्या धूत होतो. कॉलनीतल्या बायका येता-जाता हसायच्या.

मग काकू मला घेऊन पुन्हा ऑफिसात गेल्या. बाबूच्या टेबलावर पितळी ताट ठेवलं आणि काडी ओढली. मऊ पाण्यातली पट्टी काळवंडून विझली. हापशाच्या पाण्यातली अशी पेटली, की बाबू खुर्चीसकट मागे सरकला.

"हा माझा नवरा," जळत्या पट्टीकडे बोट दाखवून काकू म्हणाल्या. "आता साहेबांना बोलवा."

साहेब आले. हापशाच्या पाण्यातली दुसरी पट्टी काकूंनी राखून ठेवली होती, ती साहेबांनी स्वतः पेटवून पाहिली. पुढच्या महिन्यापासून भट्टीवाल्यांना नवे कपडे मिळाले आणि ते कारखान्यातच, मऊ पाण्यात धुतले जाऊ लागले.

मी पेढे घेऊन गेले, तर काकू पायरीवर रिकाम्या हातांनी बसलेल्या.

"आता ह्यांचा दिवस कसा गेला, ते कळायचंच नाही गं."

"म्हणजे?"

"हे कुठे बोलतात? बाही करपली की समजायचं, आज ओतायला हे पुढे होते. पाठीवर मिठाचे डाग, म्हणजे उकाडा फार. खिशात पोळीचा तुकडा, म्हणजे जेवायला फुरसत नव्हती. धुताना सगळं कळायचं मला."

मी एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

संध्याकाळी काका स्वच्छ शर्टात घरी आले. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"आधी सांगा, मग चहा."

"काय सांगू?"

"आज काय झालं ते."

"काही नाही."

"मग चहा पण नाही."

स्टोव्ह फुस्स करून विझला. मग काकांनी घसा खाकरला.

"आज... भट्टी जरा उशिरा पेटली."

"बरं," काकू म्हणाल्या. पाट सरकवल्याचा आवाज आला. "का बरं उशीर झाला?"